दगड खालून वर वाचायचा

उद्या सकाळी आपली वारसाफेरी भोरच्या राजवाड्यापासून निघेल आणि वेल्ह्याकडच्या गावांतल्या वीरगळांपाशी संपेल. त्याआधी एका प्रश्नाचा विचार करून ठेवू. वाटेत जे दिसेल, ते ‘कला’ म्हणून बघायचं का?

राजवाड्याचं सोपं आहे. पंतसचिवांनी तो १८६९ साली बांधला. चौक, लाकडी खांब, महिरपी, सगळं बघण्यासारखं. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आता तिथे सिनेमांचं शूटिंग होतं आणि हा वाडा पडद्यावर कुणा ना कुणा दुसऱ्याचा वाडा होऊन येतो. त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

वीरगळाचं तसं नाही. देवळाच्या आवारात, पाराच्या कडेला, कधी निम्मा मातीत गाडलेला असा हा उभा दगड असतो. त्यावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर. तिथे गाई दिसल्या, तर गोधन राखताना तो गेला असं समजायचं. त्याच्यावर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याहून वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्याला कलश, चंद्र, सूर्य: जोवर ते आहेत तोवर याची आठवण राहील. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर ती सतीशिळा. कर्नाटकात अशा दगडांवर बऱ्याचदा लेख असतो. आपल्याकडे बहुधा नाव नाही की गाव नाही. कोरणाऱ्याचंही नाही.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताने १९३६ साली छापून आलेल्या निबंधात एक भेद केला. वस्तूला एक पूजामूल्य असतं आणि एक प्रदर्शनमूल्य. दुसरं वाढत गेलं की पहिलं मागे सरतं, असं त्याचं म्हणणं. मावळात मात्र दोन्ही एकाच दगडावर भांडत बसलेली दिसतात. गावकरी वीरगळाला देव मानून शेंदूर लावतात, हल्ली ऑइलपेंटही. थरावर थर चढले की अप्सरांचे चेहरे बुजतात. अभ्यासक हळहळतात आणि म्हणतात, खरवडून काढा.

आम्हाला ही घाई पसंत नाही. ज्या दगडाला शेंदूर लागला, तो निदान जागेवर राहिला. ज्याला कुणी देव म्हटलं नाही, तो धुण्याचा दगड झाला, नाहीतर पायरीत बसला. अर्थात ऑइलपेंटचं समर्थन आम्ही करणार नाही, तो नुसता आळस आहे! पण थर काढायचा की नाही हे गावाशी बोलून, जाणकार माणूस बरोबर घेऊन ठरवावं. तारेचा ब्रश घेऊन उत्साहाने तुटून पडणाऱ्यांनी शेंदराबरोबर दगडाचं नाकही नेलेलं असतं.

जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. या भागात आता माणसं जास्त येतील, म्हणून हे आजच बोलायला हवं.

आणि हो, फेरी पहाटे का, असं काहींनी विचारलं. झिजलेलं कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसतं, बारा वाजता तोच दगड सपाट वाटतो. ढग असले तर बॅटरी आणा आणि उजेड समोरून नको, बाजूने धरा. चपला कुठे काढायच्या ते तिथली मंडळी सांगतील.