कच्छचे अमोनाइट: वेचण्याची पावणेदोनशे वर्षं

कच्छमधल्या झुरा, कीरा, जुमारा या घुमटाकार टेकड्यांवर वेटोळ्यांचे दगडी शंख सापडतात. ज्युरासिक काळात, साधारण १७ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वी, इथे समुद्र होता आणि त्यात अमोनाइट पोहत होते. शंखाच्या आत पडद्यांनी वेगळे केलेले कप्पे आणि शेवटच्या कप्प्यात राहणारा प्राणी, अशी त्यांची रचना. दिसायला ते आजच्या नॉटिलससारखे असले, तरी नातं माकूळ आणि ऑक्टोपसशी अधिक जवळचं. हे शंख वेचण्याचा इतिहास बघताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: ज्याने शंखासोबत त्याचा थरही नोंदवला, त्याचंच काम पुढे टिकलं.

सुरुवातीचं नाव आहे बॉम्बे इंजिनिअर्समधले कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट. त्यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला, जीवाश्म गोळा केले. त्यांचं टिपण १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापलं आणि जीवाश्मांचं वर्णन जेम्स डी कार्ल सॉवरबी यांनी केलं. युरोपातल्या ज्युरासिक खडकांत मिळतात तसेच प्राणी इथेही आहेत, हे त्यामुळे अभ्यासकांसमोर आलं.

१८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण स्थापन झालं आणि कामाला शिस्त आली. ए. बी. विन यांचा कच्छवरचा ग्रंथ १८७२ मध्ये निघाला. त्याच सुमारास मोराव्हियात जन्मलेले फर्डिनांड स्टोलिच्का कच्छभर हिंडले. अमोनाइट थराथराने वेचून त्यांनी खडकांचे चार गट पाडले: पच्छम, चारी, कट्रोल आणि उमिया.  १८७४ मध्ये यार्कंदच्या मोहिमेवरून परतताना, वयाच्या ३६व्या वर्षी, लडाखमध्ये त्यांचं निधन झालं. १८७३ ते १८७५ दरम्यान विल्हेल्म वागेन यांनी कच्छच्या अमोनाइटांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ही विभागणी अभ्यासकांपर्यंत पोहोचवली. स्टोलिच्का यांचं अकाली जाणं मला आजही चटका लावतं. पण त्यांनी दिलेली नावं कच्छच्या भूशास्त्रात अजून वापरात आहेत.

पुढचा टप्पा एल. एफ. स्पाथ यांचा. १९२७ ते १९३३ या काळात त्यांनी कच्छच्या अमोनाइटांची नव्याने छाननी केली आणि शेकडो जाती नोंदवल्या. थोडा आकार बदलला, थोडी नक्षी वेगळी दिसली की नवं नाव, असा तेव्हाचा रिवाज होता.

त्याला धक्का बसला १९६२-६३ मध्ये. पोलंडचे माकोव्स्की आणि ब्रिटनचे जॉन कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की एकाच थरात मिळणारे मोठे आणि लहान शंख अनेकदा एकाच जातीच्या मादी-नराचे असतात. आतली वेटोळी सारखी असतात, फरक वाढ पूर्ण होताना पडतो. कॅलोमन पेशाने रसायनशास्त्रज्ञ; अमोनाइट हा त्यांचा ध्यास. पुढे जादवपूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हीच दृष्टी कच्छच्या शंखांना लावली. वेगळ्या मानलेल्या जातींच्या जोड्या जुळू लागल्या. अशी जोडी जुळवायची, तर दोन्ही शंख एकाच थरातले आहेत हे आधी ठाऊक हवं.

थराचा उपयोग इतर जीवाश्मांनाही होतो. २०१७ मध्ये कच्छमधल्या लोडाईजवळच्या इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाच्या सांगाड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, हे ठरवताना त्याच खडकांतले अमोनाइट कामी आले.

महाराष्ट्रातल्या आपल्या घरांत अमोनाइट फार पूर्वीपासून आहेत. देवघरातल्या चक्रांकित शाळिग्रामात बहुधा हाच प्राणी असतो. तो येतो नेपाळमधल्या गंडकीच्या खोऱ्यातून. सह्याद्रीच्या कातळात तो मिळत नाही, कारण हा कातळ थंड झालेल्या लाव्ह्याचा आहे. त्या लाव्ह्याचे बरेचसे थर साचले सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे जगातले अमोनाइट संपले त्याच सुमारास.

आवड म्हणून एखादा शंख उचलून घरी नेला आणि नोंद केली नाही, तर एक सुंदर वस्तू हाती राहते, तिची माहिती मात्र कायमची जाते. म्हणून आधी जागेवरच फोटो काढावा, टेकडीचं आणि थराचं वर्णन लिहावं, आणि शंख वेगळा वाटला तर जवळच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांना कळवावं. स्टोलिच्का यांच्या काळात अमोनाइटांतल्या नर-मादीचा प्रश्न कच्छमध्ये कुणी मांडलेला नव्हता. तो सुटला तो थरवार वेचण्याच्या शिस्तीमुळे. उद्याचे प्रश्न आज आपल्याला दिसत नाहीत, म्हणूनच नोंद आजच व्हायला हवी.