गोफर, जेमिनी आणि देवनागरी

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९९१ साली जन्मास आलेला ‘गोफर’ हा प्रोटोकॉल इतका अल्पाक्षरी आहे, की त्याच्या सूचीतील प्रत्येक नोंद एका ओळीत मावते : आरंभी वस्तूचा प्रकार सांगणारे एकच चिन्ह, लगेच वाचकाला दिसावयाचे नाव, आणि मग टॅबने विभागलेले दस्तऐवजाचे ठिकाण, यंत्राचे नाव व पोर्टचा क्रमांक. मजकूर कोणत्या लिपिसंकेतात आहे हे कळविण्याची तरतूद मात्र तीत कोठेच नाही. गोफरचे नियम सांगणाऱ्या १९९३ च्या ‘आरएफसी १४३६’ या दस्तऐवजात आठ बिटांची चिन्हे वापरल्यास ती ‘लॅटिन-१’ संचातील असावीत असे सांगितले आहे. त्यायोगे पश्चिम युरोपातील भाषांची सोय झाली आणि देवनागरी बाहेर राहिली.

या उणिवेचे फळ एका अक्षरावर पाहावे. देवनागरीही सामावून घेणाऱ्या यूटीएफ-८ या लिपिसंकेत-पद्धतीत ‘म’ तीन बाइटांनी लिहितात : २२४, १६४, १७४. हेच बाइट लॅटिन-१ समजून वाचणारे यंत्र एक स्वराघातयुक्त रोमन अक्षर, एक चलनचिन्ह आणि एक नोंदणीकृत व्यापारचिन्ह पडद्यावर उमटविते. पाठविणाऱ्याने बिनचूक पाठविले, तारेने बिनचूक पोहोचविले, तरी वाचकाच्या पदरी ‘म’ पडत नाही.

केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीचे खरे सौंदर्य असे, की आस्की या मूळ रोमन संचाबाहेरील चिन्हाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असल्यामुळे मराठी शब्दाच्या पोटात टॅब किंवा ओळीचा शेवट चुकूनही उद्भवत नाही. म्हणूनच मराठीची वार्ता नसलेला जुना गोफर-सर्व्हरही मराठी मजकूर सुखरूप वाहून नेतो.

२०१९ च्या ‘जेमिनी’ या प्रोटोकॉलने लिपिसंकेताविषयीचा उरलेला संदेह मिटविला. त्याच्या यशस्वी उत्तराच्या शिरोभागी दोन अंकी संकेत आणि मजकुराचा प्रकार असतो. लिपिसंकेत सांगितला नसेल तर यूटीएफ-८ गृहीत धरावा, हा त्याचा नियम माझ्या मते त्या साऱ्या रचनेतील सर्वांत न्याय्य कलम होय. विनंतीच्या पत्त्याला असलेली १०२४ बाइटांची मर्यादा मात्र आपल्याला जाचते, कारण पत्त्यात शतमान-चिन्हांनी लिहिताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्राही वेगळी धरून, नऊ बाइट घेते. त्यामुळे पत्त्यातूनच पाठवावयाच्या मराठी प्रश्नाला ११३ चिन्हेही पुरती मिळत नाहीत.

गोफरवर मराठी लेखन ठेवू इच्छिणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती, की त्यांनी ते यूटीएफ-८ मध्येच ठेवावे आणि तशी सूचना पहिल्याच ओळीत साध्या रोमन अक्षरांत द्यावी.