चिंधीचे खाते

दरवर्षी आपल्या संघाच्या स्मरणिकेत व्यापाराच्या मोठ्या प्रश्नांचा ऊहापोह होतो. कराचे दर, बाजारातील तेजी-मंदी, नव्या पिढीचे शिक्षण हे विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. यंदा मात्र वाचकांची क्षमा मागून आम्ही अशा एका वस्तूविषयी लिहिणार आहोत, की जिचे खाते कापडाच्या पेढीवर सहसा कोणी उघडीत नाही. ती वस्तू म्हणजे चिंधी.

दुकानात चिंधी कोठून येते हे कापडवाल्यास सांगावयास नको. परंतु किराणा, अडत, भांडी, सोनेचांदी या व्यवसायांतील बंधूंसाठी थोडे सांगितले पाहिजे. ताग्याच्या शेवटी वार-अर्धा वार उरतो. कोठे वीण चुकलेली असते, कोठे डाग पडलेला असतो. तेवढा भाग कापून काढावा लागतो. नमुन्यांच्या पुस्तकांतील तळहाताएवढे तुकडे हंगाम सरला की निरुपयोगी होतात. शेजारच्या शिंप्याच्या कातरीखाली गळ्याचे अर्धचंद्र आणि बाह्यांचे त्रिकोण पडतात. त्यांतला मोठा तुकडा ‘कटपीस’ म्हणून विकला जातो. त्याहून लहान ते सारे फळीखालच्या पोत्यात जाते.

बेळगावातील आमच्या दुकानात तीर्थरूपांच्या काळी या पोत्याचा एक ठरलेला वारस होता. दसऱ्याच्या आधी एक बाई यावयाच्या. आम्ही सर्व भावंडे त्यांना मावशी म्हणत असू. तीर्थरूप पोते त्यांच्या स्वाधीन करीत, त्या ते डोक्यावर घेऊन जात, आणि थंडी पडण्यापूर्वी एक वाकळ आमच्या घरी आणून देत. बाकीच्या चिंध्यांच्या वाकळी शिवून त्या आपल्या गावी विकत. हा व्यवहार कोणत्याही वहीत लिहिला जात नसे. तीर्थरूपांस तो दानधर्म वाटे. मावशींस काय वाटत असे, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही.

आपल्या सीमाभागात या वस्तूस तीन नावे आहेत. मराठी घरांत गोधडी किंवा वाकळ, आणि कानडी घरांत कौदी. पूर्वी खेडोपाडी घटस्थापनेपूर्वी घरातील यच्चयावत वाकळी नदीवर नेऊन धुण्याची चाल होती, आणि अनेक ठिकाणी ती आजही आहे. ओली वाकळ उचलावयास दोन माणसे लागतात. एकट्याने पिळता येईल अशी ती वस्तूच नव्हे. घरात मूल जन्मास येणार असले म्हणजे आजीच्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचे दुपटे बाळंतविड्यात प्रथम ठेवले जाई. नव्या कापडाची खळ व खरखर कोवळ्या अंगास सोसत नाही, हे त्या बायांस पुरते ठाऊक होते. गाडगे महाराजांनी तर ठिगळांचेच वस्त्र अंगावर वागविले. १९५६ साली ते निवर्तले तोवर लोक त्यांना ‘गोधडेबाबा’ या नावानेही ओळखत.

बेळगावहून फार दूर नसलेल्या हल्ल्याळ आणि यल्लापूर भागांतील रानात सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांतील अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात उतरविले होते, आणि तेथून निसटून कित्येकांनी या जंगलांचा आसरा घेतला. त्यांच्या स्त्रिया ज्या गोधड्या शिवतात त्यांस ‘कवंदी’ म्हणतात. शिवण काठापासून सुरू होते आणि फिरत फिरत मध्याकडे जाते. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्यावाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-अभ्यासकांनी या कामाचा अभ्यास केला आणि अमेरिकेत या कवंद्यांची प्रदर्शने भरली. ज्या चिंध्यांस आपण फळीखाली ढकलतो, त्यांचे काम परदेशात भिंतीवर टांगून पाहिले गेले, एवढे आपण ध्यानी घ्यावे.

आता आमच्या चुकीकडे वळतो.

टेरिकॉटची लाट आली तेव्हा गादीवर आम्ही बसू लागलो होतो. दुकानातील सुती माल घटला, आणि त्याबरोबर पोत्यातील चिंध्याही बदलल्या. एका दसऱ्याला मावशींनी पोते नेले आणि चौथ्या दिवशी परत आणले. म्हणाल्या, “सावकार, ह्यात सुई बी सरळ जाईना आन् घाम बी जिरंना. कुणाच्या अंगावर घालू?” फुकट दिलेल्या मालाची तक्रार ऐकून आम्हांस राग आला. पुढे आमच्या वाचनात आले की सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा धरीत नाही. हे आकडे मावशींस माहीत नव्हते. त्यांच्या हातास मात्र माहीत होते.

१९८१ साली तीर्थरूप निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी एक भंगारवाला चिंध्या वजनावर घेण्यास तयार झाला. यंत्रे पुसण्यासाठी त्या गॅरेजांत खपतात. रक्कम अल्प होती, तरी रोख होती. आम्ही पोते त्यास लावून दिले आणि ‘किरकोळ जमा’ या सदरी लिहिले. मावशी आल्या तेव्हा पोते नव्हते. त्या काही न बोलता गेल्या, आणि पुढे आल्या नाहीत. चार पैशांची जमा झाली म्हणून आम्ही त्या वर्षी समाधानात होतो, हे येथे कबूल करतो.

१९९६ साली आमची कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली. आमच्या सौ. दुपट्यासाठी मऊ जुने कापड शोधू लागल्या. घरात ते नव्हतेच. जुन्या साड्या बोहारणीला देऊन त्यांची स्टीलची भांडी झाली होती. शोधता शोधता ट्रंकेच्या तळाशी मावशींच्या हातची एक वाकळ निघाली. ती उन्हात पसरली आणि आम्ही सहज वाकून पाहू लागलो.

त्या वाकळीत आमची पेढीच होती. इरकलचा तांबडा काठ होता, गुळेदगुड्डच्या खणाचे चौकोन होते, शहापूरच्या मागावरील साडीची चौकड होती. आमच्या शाळेच्या गणवेशाची खाकी होती. तीर्थरूपांच्या सदऱ्याचा पट्टा होता. एका कोपऱ्यात निळ्या फुलांचे छोटे चीट होते. ते आमच्या थोरल्या भगिनीच्या परकराचे. ती लहानपणीच गेली. तिची एकही तसबीर घरात नाही. चाळीस वर्षांच्या खतावण्या आम्ही जपून ठेवल्या आहेत, पण त्यांत तिच्याविषयी एक ओळ नाही. ते कापड कोणीतरी चिंधी म्हणून पोत्यात टाकले होते, आणि मावशींनी ते मधोमध न लावता कोपऱ्यात, जेथे वाकळ कमी झिजते तेथे, लावले होते. हे त्यांनी जाणून केले की काय, हे आम्हांस सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींच्या गावी गेलो. त्यांची दृष्टी मंद झाली होती; सुईत दोरा ओवण्यास नात लागे. आम्ही दुपटे शिवून मागितले आणि मोठ्या वाकळीची मजुरीही विचारली. त्यांनी जो आकडा सांगितला तो येथे छापण्यास संकोच वाटतो. दोन दिवसांच्या शेतमजुरीच्या निम्माही तो नव्हता.

परत येताना मोटारीत आम्ही व्यापाऱ्याच्या सवयीने हिशेब मांडला. तो वाचकांपुढे ठेवतो. वाकळ साडेसात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरा. ४५ इंच पन्ह्याचे एक नऊवारी लुगडे घेतले, तर शिवणीत जाणारा अंश सोडून त्यात या मापाचे बरोबर तीन थर बसतात. धावदोऱ्याच्या ओळी पाऊण-पाऊण इंचावर घातल्या तर ७२ ओळी होतात. त्यांची एकूण लांबी १८० वार. इंचास तीन टाके धरले तर एका वाकळीत १९,४४० टाके पडतात. थरांतून सुई काढावयाची असल्याने मिनिटास वीस टाके ही चांगली गती होय. म्हणजे केवळ टाके घालण्यास १६ तास १२ मिनिटे लागतात. तुकडे निवडणे, जोडणे, थर पसरणे, काठ मोडणे आणि दोरा ओवणे यांचा वेळ निराळाच.

आजवर आम्ही समजत होतो की या व्यवहारात देणारे आम्ही आणि घेणाऱ्या मावशी. हिशेब मांडल्यावर दिसून आले की आमच्या बाजूस शून्य किमतीचा माल होता आणि त्यांच्या बाजूस दोन दिवसांचे पूर्ण श्रम होते. त्या श्रमांतून दरवर्षी एक वाकळ आमच्या घरी विनामूल्य येत होती. दान कोण कोणास करीत होते, हे वाचकांनीच ठरवावे.

त्या वर्षीच्या पाडव्यास नव्या वहीत आम्ही ‘चिंधी खाते’ उघडले. व्यवहार साधा आहे. चिंध्या आमच्या, अस्तर आणि दोरा आमचा, आणि शिवणाऱ्या बाईस गावातील चालू रोजाप्रमाणे दिवसांची मजुरी. वाकळ विकली जावो वा न जावो, मजुरी काम होताच रोख. मावशी आता नाहीत. त्यांची सून व गावातील आणखी तीन स्त्रिया हे काम करतात. या खात्यात फार नफा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पानिपतात जुने लोकरी कपडे फाडून त्यांच्या सुताची घोंगडी व ब्लँकेटे बनतात, आणि कृत्रिम धाग्यांची मऊ ब्लँकेटे तर गल्लोगल्ली मिळतात. त्यांच्या किमतीशी हाताची शिवण कधीही बरोबरी करू शकणार नाही. तरीही गेल्या काही वर्षांत शहरांतील ग्राहक सुती वाकळ मुद्दाम मागतो, आणि योग्य दाम देतो. खाते तोट्यात गेलेले नाही.

ज्या बंधूंस हे करावेसे वाटेल त्यांच्यासाठी, आणि घरच्या घरी शिवू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी, शिकलेल्या चार गोष्टी लिहितो. सुती तुकडे वेगळे ठेवावे. त्यांत कृत्रिम धाग्याचे मिसळू नयेत. विस्तवाजवळ असे कापड वितळून कातडीस चिकटते, म्हणून बाळाच्या दुपट्यात तर ते कदापि घालू नये. कोरे तुकडे शिवण्यापूर्वी धुवावे. खळ निघते, कापड आटावयाचे ते आटते, आणि रंग जाणारा असेल तर तेव्हाच कळतो. जाड आणि विरळ कापड शेजारी जोडू नये. जाड कापड विरळास शिवणीवर ओढून फाडते. तुकडा उभ्या-आडव्या धाग्यास धरून कापावा. तिरपा कापलेला तुकडा ताणतो आणि वाकळीस पोक येते. आणि मधला भाग सर्वांत आधी झिजतो, म्हणून मजबूत कापड मध्ये घालावे.

आपल्या समाजात सैतवाळ बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या कापड आणि शिवणकाम यांवर प्रपंच केला. कातरीची किंमत आपणांस नव्याने शिकविण्याची गरज नाही. गरज आहे ती एवढीच, की कातरीतून खाली पडलेल्या तुकड्याची आणि तो उचलणाऱ्या हाताची किंमतही त्याच वहीत लिहिली जावी.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण व्यापाऱ्याच्या घरात मुलांस लवकर शिकविली जाते, आणि ती योग्यच आहे. आम्ही नातवंडांस ती शिकवितो तेव्हा आता अधिक एक वाक्य जोडतो: अंथरूण कोणी शिवले, हेही पाहावे. निळ्या फुलांचा तो कोपरा आम्ही दुरुस्त करविला नाही. त्यावरून फक्त एक नवा धावदोरा घालून घेतला आहे.