हौसेला मोल असतं

मागच्या भागात आपण स्टोइक विचारवंतांबद्दल बोललो. सुखी जगण्यासाठी सद्‌गुण पुरेसा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "मग चांगलंचुंगलं खाणं, मित्रांत बसून हसणं, यात काही चूक आहे का?" आज या प्रश्नासाठी एपिक्युरसकडे जाऊ.

इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या या माणसानं पुढे अथेन्सजवळ एक बाग घेतली आणि मित्रांसोबत तिथं राहू लागला. त्या बागेत स्त्रिया आणि गुलामही तत्त्वज्ञान शिकत. सुख हेच जगण्याचं ध्येय, असं तो उघडपणे सांगायचा. झालं! विरोधकांनी त्याला चैनी, खादाड ठरवून टाकलं. आपल्याकडे चार्वाकांचंही असंच झालं. त्यांच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, ते बरंचसं विरोधकांच्या ग्रंथांतूनच.

प्रत्यक्षात एपिक्युरसचं जेवण म्हणजे साधी भाकरी आणि पाणी. थोडं चीज मिळालं तरी त्याची मेजवानी होई. कारण त्याच्या मते सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं आणि मन शांत असणं. इच्छांचे तो तीन प्रकार करतो. काही नैसर्गिक आणि आवश्यक: भूक, तहान, निवारा. काही नैसर्गिक पण अनावश्यक: पंचपक्वान्नं. मिळाली तर खावीत, नाही मिळाली तर बिघडत नाही. तिसऱ्या पोकळ: कीर्ती, सत्ता, अमाप पैसा. भुकेला पोट भरण्याची मर्यादा असते. या तिसऱ्या इच्छांना मर्यादाच नाही, म्हणून त्या कधी भरत नाहीत.

मग सद्‌गुणाचं काय? स्टोइकांसाठी तो ध्येय, एपिक्युरससाठी सुखाची वाट. पण शहाणपण, सचोटी आणि न्याय यांच्याशिवाय सुखानं जगता येत नाही, असं तोही ठामपणे म्हणतो. अन्याय करणारा कधीतरी पकडला जाण्याच्या भीतीत जगतो. त्याचं मन शांत कसं राहील?

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, आणि तरीही माझा व्हायचा तो गोंधळ झालाच. राहतं घर पुरेसं होतं, पण बरोबरीच्या लोकांनी मोठे फ्लॅट घेतले म्हणून मीही घेतला. हौसेला मोल नसतं, असं स्वतःला सांगितलं. हप्त्यांसाठी रविवारची कामं धरली. वीस वर्षं दर रविवारी सकाळी एका मित्राकडे चहा व्हायचा, तो बंद पडला. त्यानं बोलावणं सोडून दिलं, आणि हे माझ्या ध्यानात आलं तीन महिन्यांनी.

कुणी विचारलं की मी म्हणायचो, "हप्ते आहेत, काय करणार?" इथं मला विसाव्या शतकातला सार्त्र आठवतो. आपल्यापुढे निवड असताना ती नाहीच असं वागणं, या आत्मवंचनेबद्दल त्यानं १९४३ च्या ग्रंथात सविस्तर लिहिलं आहे. इच्छा कशी निवडावी ते एपिक्युरस सांगतो, आणि "माझा नाइलाज होता" ही पळवाट सार्त्र बंद करतो. मला दोघंही लागले.

इ.स.पू. २७० मध्ये एपिक्युरस मूतखड्याच्या असह्य वेदनांत वारला. शेवटच्या दिवसात मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की आपल्या पूर्वीच्या गप्पांची आठवण या दुखण्याला पुरून उरते आहे. ते पत्र वाचून मी फ्लॅट विकला नाही, पण रविवारची कामं सोडली. हप्त्यांची मुदत वाढवून घेतली, आणि मित्राकडे न बोलावता गेलो. तो आधी थोडा तुटकच बोलला, मग चहा टाकला.

या आठवड्यात तुम्हीही कागदावर तीन रकाने आखा आणि तुमच्या इच्छा त्यांत वाटून बघा. तिसऱ्या रकान्यात जे येईल, त्यासाठी आपण काय मोजतो आहोत, तेही शेजारी लिहा. पुढच्या भागात ॲरिस्टॉटलकडे जाऊ.