काळ्या पाषाणाखालील इतिहास

सीबीडी बेलापूरलगतचा पारसिक डोंगर ठाणे जिल्ह्यातील अनेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्याचा पाषाण काळा, कठीण व जड आहे. ‘या डोंगरात डायनोसॉरची हाडे सापडतील काय?’ असा प्रश्न एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकाने केवळ नकारार्थी उत्तर देऊन थांबू नये. त्या नकाराच्या कारणातच भूगोलाचा एक उत्तम पाठ दडलेला आहे.

हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या सुमारास भूकवचाच्या भेगांतून तप्त रस वारंवार बाहेर पडला व त्याचे थरावर थर साचले. अशा रसात सापडलेल्या प्राण्याचे अवशेष सहसा टिकत नाहीत. खडकाच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे स्फटिक दिसतात. ते दात किंवा हाडे नव्हेत. जीवाश्म बहुधा गाळाच्या खडकांत आढळतात, कारण चिखलात त्वरित गाडला गेलेला अवशेष कुजण्यापासून वाचतो आणि पुढे त्यात खनिजे भरून तो दगडासारखा होतो.

असा गाळाचा खडक महाराष्ट्रात पाहावयाचा, तर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा परिसराकडे वळावे लागेल. तेथे लाव्हाच्या थरांखालील, म्हणजे त्यांच्याहून जुने, नद्या व तळी यांच्या काठी साचलेले थर उघडे पडले आहेत. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लामेटा घाटावरून या थरांस ‘लामेटा’ हे नाव मिळाले. डोंगरगाव येथे या थरांत मिळालेल्या सांगाड्यावरून एका महाकाय शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. आज तो ‘आयसीसॉरस’ या नावाने ओळखला जातो.

तथापि हाडांपेक्षाही बोधप्रद ठरले ते पिसदुरा येथील ओबडधोबड गोळे. हे गोळे म्हणजे अश्मीभूत विष्ठा होय. ती शाकाहारी डायनोसॉरांची असावी, असे अभ्यासक मानतात. गवत जमिनीतील सिलिका पाण्याबरोबर शोषून घेते व पानांच्या पेशींत तिचे सूक्ष्म कण साठविते. पान कुजले तरी हे कण उरतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. पिसदुरा येथील गोळ्यांत गवताचे असे कण आढळल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले. गवताचा प्रसार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचा, ही पूर्वीची समजूत त्यामुळे बदलावी लागली. २०११ मध्ये तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही त्यांत ओळखण्यात आले.

भातलावणी व कापणी पाहिलेल्या मुलांस हा पाठ समजावून देणे सोपे आहे. भाताच्या पात्याची कड बोटाने हलकेच चाचपण्यास सांगावे. ती खरखरीत लागते, याचे एक कारण म्हणजे तीतील सिलिका. शेतातील पाते व कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दगड यांतील संबंध मुलांच्या लक्षात सहज येईल.

अशा वस्तूंची जपणूक हाही शिक्षणाचा भाग आहे. जबलपूर येथे १८२८ मध्ये डायनोसॉरची हाडे सापडली व १८७७ मध्ये त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव देण्यात आले. त्यांपैकी शेपटीचा एक मणका पुढे दीर्घकाळ बेपत्ता होता. तो २०१२ मध्ये कोलकाता येथील संग्रहात पुन्हा मिळाला. संग्रहात ठेवलेल्या वस्तूची जर ही कथा, तर रानातून उचलून खिशात घातलेल्या दगडाचा ठाव कसा लागावा?

म्हणून सहलीत एखादा विलक्षण दगड आढळल्यास तो फोडू अथवा हलवू नये, हे मुलांच्या मनावर बिंबवावे. जागा, दिनांक व भोवतालचा खडक यांची नोंद करावी, आकृती काढावी आणि भूशास्त्राच्या जाणकारांस कळवावे. दगड कोणत्या थरात होता, हे एकदा विसरले गेले की त्याचा निम्मा इतिहास पुसला जातो.