भाड्याच्या घराची निगा : माळवदाचे ओझे कमी करा

बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत बसवकल्याण, भालकी, आळंद यांसारख्या गावी वडिलोपार्जित घराचे दोन-चार खण भाड्याने देण्याची रीत जुनी आहे. शेतीचे उत्पन्न पावसाच्या लहरीवर अवलंबून असल्याने दरमहा हाती येणारे भाडे कुटुंबाला मोठा आधार देते. शिक्षक, नोकरदार, शिक्षणासाठी आलेले विद्यार्थी यांची बिऱ्हाडे या घरांतून नांदत असतात. अशा घराची निगा राखणे म्हणजे केवळ मिळकत टिकविणे नव्हे. त्यात राहणाऱ्यांच्या जीविताची ती हमी होय.

या भागातील जुनी घरे बहुधा दगड-मातीच्या रुंद भिंतींची आणि माळवदाची असतात. माळवद उन्हाळ्यात गारवा देते. परंतु ते गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर चढविला जातो. जुना थर मात्र काढला जात नाही. वर्षानुवर्षे असे घडत गेल्याने छपराचे ओझे वाढत जाते. तुळया वाकतात आणि भिंतींवर भार येतो.

याचा परिणाम काय होतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दिसून आले. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि झोपेत असलेली कुटुंबे दगडांखाली व माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. भिंतींची आतील व बाहेरील बाजू सांधणारे आरपार दगड नसल्याने त्या फुगून फुटल्या होत्या.

यावरून दुरुस्तीचा क्रम ठरविता येतो. प्रथम माळवदावरील अनावश्यक माती काढावी. हे काम कोरड्या दिवसांत, बिऱ्हाड हलवून, खालून टेकू देऊन आणि दोन्ही बाजूंनी समप्रमाणात करावे. वीतभरापेक्षा अधिक माती ठेवू नये. तिच्या मधोमध जाड प्लास्टिकचा कागद अंथरल्यास गळती थांबते. कुजलेल्या तुळया व वाळवी लागलेले खांब बदलावेत. भिंतीत सुमारे एक मीटर अंतरावर आरपार छिद्रे पाडून, त्यांत आकड्याची लोखंडी सळी बसवून ती काँक्रीटने भरल्यास भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या जातात. भिंत फुगली असल्यास मात्र अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून तिला हात लावू नये.

पाणी हा घराचा दुसरा शत्रू होय. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया हलून भिंतींना तडे जातात. बिदरचा जांभा दगड सच्छिद्र असल्याने ओल धरतो. म्हणून पन्हाळीचे पाणी भिंतीपासून दूर सोडावे. भिंतीच्या कडेने शहाबादी फरशी बाहेरच्या बाजूस उतार देऊन बसविल्यास पायाशी पाणी मुरत नाही.

खर्च कोणी करावयाचा, यावरून घरमालक व भाडेकरू यांच्यात पुष्कळदा वाद होतात. म्हणून कोणती दुरुस्ती कोणाकडे, हे करारात लेखी नमूद करावे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती, सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर एरवी तसा करार नसल्यास भाडेकरूने ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी तरतूद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये आहे. तथापि कायद्याचा आधार घेण्याची वेळ येऊ न देणे हेच उभयतांच्या हिताचे आहे.

भाड्याचा काही अंश दरमहा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवला, तर मृगापूर्वी कर्ज काढण्याची पाळी येत नाही. येत्या उन्हाळ्यात माळवदावर नवी माती चढविण्याऐवजी प्रत्येक घरमालकाने जुनी किती साचली आहे, हे आधी मोजून पाहावे. ज्या छपराखाली दुसऱ्याची मुले निजतात, त्याची चिंता वाहणे हे मालकाचे कर्तव्यच होय.