मीठ वगळले आणि कायदा आला

१९७८ साली अमेरिकेतल्या सिंटेक्स कंपनीने ‘निओ-मल-सॉय’ आणि ‘चो-फ्री’ या सोयाबीनपासूनच्या बाळदुधात वरून मीठ घालणे थांबवले. बाळांना सोडियम कमी जावे, हा हेतू वाईट नव्हता. पण मिठासोबत क्लोराइडही गेले. पुढच्या वर्षी बाळांची वजने वाढेनात, भूक मंदावली, रक्तातले क्लोराइड घसरून आम्ल-अल्कली तोल बिघडला. शंभराहून अधिक बाळांना याची झळ बसली. तान्ह्याचे सगळे जेवण एकाच डब्यातून येते. त्यात जे नाही, ते त्याला कुठूनच मिळत नाही.

या प्रकारानंतर २६ सप्टेंबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ‘इन्फंट फॉर्म्युला अ‍ॅक्ट’वर सही केली. कोणते पोषणघटक किमान किती हवेत, हे आता कायद्यानेच ठरले. क्लोराइड अर्थातच त्या यादीत आहे. प्रत्येक बॅचची चाचणी १९८६च्या दुरुस्तीने आली. नवे बाळदूध बाजारात आणण्याच्या ९० दिवस आधी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवावे लागते. मात्र प्रशासन त्यावर मंजुरीचा शिक्का मारत नाही, हे अनेक आईबापांना ठाऊकच नसते.

तरी कायद्यात एक फट राहिलीच. दूषित माल कारखान्याबाहेर पडला असेल, तरच कंपनीने प्रशासनाला कळवायचे! २०२२ मध्ये क्रोनोबॅक्टर जंतूंच्या संशयावरून मिशिगनमधला स्टर्जिसचा बाळदुधाचा कारखाना बंद पडला, दुकानांतले कप्पे रिकामे झाले, तेव्हा ही फट बुजवण्याची मागणी जोर धरू लागली.